फुप्फुसातील गाठींचे घनफळ मोजणारे सीटी सॉफ्टवेअर: काही महिन्यांच्या वापरानंतर

छातीच्या सीटीवर फुप्फुसातील लहान गाठींचे त्रिमितीय घनफळ मोजणारे एक सॉफ्टवेअर आमच्या विभागात काही महिन्यांपासून रोजच्या वापरात आहे. त्याचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढचे बहुतेक मुद्दे या प्रकारच्या कोणत्याही सॉफ्टवेअरला लागू पडतील. मोजमापाची अचूकता बरीचशी स्कॅनरवर, गाठ संगणकापर्यंत येण्याआधीच ठरलेली असते, असे माझे मत या काळात पक्के झाले आहे.

घनफळ मोजण्याचा आग्रह का, हे साध्या गणितावरून कळते. गोल गाठीचा व्यास 26 टक्क्यांनी वाढला की तिचे घनफळ दुप्पट होते. म्हणजे 6 मिमीची गाठ साधारण 7.6 मिमीची झाली, तर पडद्यावर रेघ ओढून मोजणाऱ्याला तो फरक हाताच्या चुकीतच जमा वाटू शकतो. छातीच्या प्रतिमानिदानातील तज्ज्ञांच्या फ्लायश्नर सोसायटीच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 6 आणि 8 मिमी या व्यासांच्या जोडीने 100 आणि 250 घन मिमी या घनफळाच्या मर्यादा दिल्या आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीवरील नेल्सन चाचणीत घनफळातील 25 टक्के किंवा त्याहून अधिक वाढच खरी वाढ धरली होती.

मात्र व्यासातली वाढ जशी घनफळात फुगून दिसते, तशी व्यासातली चूकही फुगते. छातीसाठी 350 मिमीचे दृश्यक्षेत्र आणि 512 × 512 पिक्सेलचे मॅट्रिक्स घेतले, तर एक पिक्सेल साधारण 0.68 मिमीचा होतो. 6 मिमीच्या गाठीची कडा सगळीकडून केवळ अर्धा पिक्सेल बाहेर धरली गेली, तर 113 घन मिमीचे घनफळ सुमारे 156 पर्यंत जाते. इतक्या लहान गाठीत कडेवरच्या व्हॉक्सेलांचा (त्रिमितीय पिक्सेलांचा) वाटा मोठा असतो आणि त्यातील प्रत्येकात थोडी गाठ व थोडी हवा मिसळलेली असते. गाठीची सीमा कुठे मानायची हे सॉफ्टवेअर थ्रेशोल्डवरून, म्हणजे घनतेच्या ठरलेल्या मर्यादेवरून, ठरवते. अशा परिस्थितीत पडद्यावर घनफळ दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत छापून येते, याला निर्मात्यांचा आत्मविश्वासच म्हणावे लागेल.

म्हणून आम्ही सगळ्यात जास्त लक्ष स्लाइसच्या, म्हणजे स्कॅनमधील एकेका कापाच्या, जाडीकडे दिले. 5 मिमी जाडीच्या स्लाइसमध्ये 6 मिमीची गाठ दोन-तीन प्रतिमांतच संपते, आणि तिचे वरचे व खालचे टोक शेजारच्या हवेत मिसळून पुसट होते. तोच कच्चा डेटा 1 मिमी किंवा त्याहून पातळ, एकमेकींवर थोड्या चढणाऱ्या स्लाइसमध्ये पुन्हा तयार केला की व्हॉक्सेल जवळजवळ घनाकृती होतात आणि सॉफ्टवेअरने काढलेली बाह्यरेखा डोळ्यांना पटू लागते. पातळ स्लाइसमध्ये नॉइज (प्रतिमेतला खरखरीतपणा) वाढतो, हे खरे. पण हवेने वेढलेल्या घन (भरीव) गाठीचा कॉन्ट्रास्ट इतका मोठा असतो की हा नॉइज सहसा आड येत नाही.

कर्नलची, म्हणजे कच्च्या डेटातून प्रतिमा तयार करताना वापरल्या जाणाऱ्या गणिती फिल्टरची, बाब याहून फसवी आहे. एकाच स्कॅनचा डेटा तीक्ष्ण आणि मऊ अशा दोन कर्नलनी तयार करून मोजला, तर गाठ तीच असूनही घनफळ वेगळे येते, कारण कडेची तीव्रताच बदललेली असते. रुग्णाचा मागचा स्कॅन एका कर्नलचा आणि आताचा दुसऱ्याचा असेल, तर सॉफ्टवेअर निर्विकारपणे टक्केवारी दाखवते आणि घनफळ दुप्पट होण्याचा काळही काढून देते. दोन्ही प्रतिमासंचांच्या हेडरमध्ये (सोबतच्या माहितीत) कर्नलची नोंद असताना येथे साधा इशारा का दिला जात नाही, हे मला अद्याप समजलेले नाही. श्वासाचेही तसेच आहे: पूर्ण आणि अर्धवट श्वासात त्याच गाठीचे घनफळ बदलू शकते, म्हणून तंत्रज्ञाने रुग्णाला नीट समजावून दिलेली सूचना हाही मोजमापाचाच भाग आहे.

ज्ञात व्यासाचे गोळे असलेला फँटम (चाचणीसाठीची कृत्रिम प्रतिकृती) आम्ही ठरावीक काळाने स्कॅन करतो. 5 मिमीच्या गोळ्याचे घनफळ 65.4 घन मिमी यायला हवे; प्रोटोकॉलमध्ये काही बदलले गेले की ते येथे लगेच दिसते. फँटम श्वास घेत नाही आणि त्याच्या गोळ्यांना रक्तवाहिन्या चिकटलेल्या नसतात, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

सुट्या, घन गाठींसाठी हे साधन उत्तम आहे आणि त्यांच्याबाबतीत मी पुन्हा रेघा ओढण्याकडे वळणार नाही. रक्तवाहिनीला किंवा फुप्फुसावरणाला चिकटलेल्या गाठींत बाह्यरेखा वारंवार हाताने दुरुस्त करावी लागते, आणि ही दुरुस्ती कोणी व किती केली याची नोंद अहवालात उमटत नाही. काचेसारख्या धूसर गाठींसाठी मी स्वयंचलित आकड्यावर विसंबत नाही.

सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की सीमा ठरवण्याची पद्धतही बदलू शकते. त्यामुळे तुलना करताना मी जुन्या अहवालातला आकडा उचलत नाही; जुना स्कॅन उघडून दोन्ही स्कॅन एकाच आवृत्तीत, शेजारी-शेजारी पुन्हा मोजतो. त्यासाठी जुन्या स्कॅनच्या पातळ स्लाइस संग्रहात जपलेल्या असाव्या लागतात. जागा वाचवण्यासाठी फक्त 5 मिमीच्या प्रतिमा ठेवण्याची पद्धत जिथे आहे, तिथे सॉफ्टवेअर घेण्याआधी साठवणुकीची सोय करावी.