सात वर्षांच्या पोराला फुटबॉलला घालायचंय: अकादमी, शाळा की सोसायटीचं मैदान?

बडोदा म्हणजे क्रिकेटचं गाव. विजय हजाऱ्यांपासून पठाण आणि पंड्या बंधूंपर्यंतची नावं इथल्या घराघरांत पाठ असतात. त्यामुळे सात-आठ वर्षांचं पोर ‘मला फुटबॉल खेळायचंय’ म्हणालं की आजी आधी पाय मोडण्याची काळजी करते आणि बाबा मोबाइलवर अकादम्या शोधायला लागतात. आजीची काळजी सोडून द्या. बाबांचं काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही.

मी रविवारी सकाळी आमच्या सोसायटीतल्या मुलांना खेळवतो, तेव्हा माझा कल कुठे आहे हे तुम्हाला कळेलच. तरी ओळखीच्या घरांतली मुलं तिन्हीकडे जातात आणि त्यांना सोडायला-आणायला जाताना जे दिसतं त्यावरून हे लिहितोय.

तुलना करायची ती कशावर? फी, जर्सी, टर्फ (कृत्रिम गवताचं मैदान) हे सगळं नंतर. सहा ते नऊ या वयात एकच गोष्ट बघायची: तासाभरात बॉल मुलाच्या पायाला किती वेळा लागतो. या वयात डोक्यात डावपेच शिरत नाहीत, दमसास आपोआप वाढतो, पण बॉलशी ओळख व्हायची ती आत्ताच. रांगेतल्या ड्रिलचं गणित मांडून बघा. वीस मुलं, एक रांग, कोनमधून बॉल नेऊन परत यायला प्रत्येकाला अर्धा मिनिट. म्हणजे आपला नंबर पुन्हा लागायला दहा मिनिटं. तोवर सोळाव्या नंबरचं पोर बुटाच्या टोकाने टर्फमधले काळे रबरी दाणे उकरत बसतं आणि सर ओरडतात, ‘ध्यान किधर है?’ ध्यान कुठे असणार! तीच वीस मुलं चार-चारच्या संघांत वाटली, तर दोन मॅचेस एकाच वेळी चालतात, एक संघ बाजूला बॉल घेऊन खेळतो आणि उभं राहायला कुणाला फुरसत नसते.

जगभरात लहान मुलांचा फुटबॉल याच दिशेने गेलाय. अमेरिकेच्या महासंघाने 8 वर्षांखालच्यांसाठी 4 विरुद्ध 4 ठरवलंय, तेही गोलकीपरशिवाय. 10 खाली 7 विरुद्ध 7, 12 खाली 9 विरुद्ध 9. अकरा जणांचा खेळ त्यानंतर. आपल्याकडेही एआयएफएफने, म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने, 2018 मध्ये लहान मुलांसाठी गोल्डन बेबी लीग सुरू केली ती छोटं मैदान आणि छोटे संघ घेऊनच.

आता अकादमी. चांगल्या अकादमीचे फायदे खरे आहेत. कोचकडे लायसन्स असतं (एआयएफएफचं ‘डी’ तरी असावं, विचारायला लाजू नका), वयानुसार बॅच असतात, बॉल प्रत्येकाला मिळतो. बॉलचा साइज जरूर बघा. आठ वर्षांखालच्यांना 3 नंबर, मग बारापर्यंत 4 नंबर. मोठ्यांचा 5 नंबरचा बॉल 410 ते 450 ग्रॅमचा असतो. तो सहा वर्षांच्या पायाला लागला की पोर पुढच्या वेळी पाय मागे घेतं आणि आपण म्हणतो घाबरट आहे. ज्या अकादमीत सगळ्या बॅचला एकच बॉल, तिथून सरळ घरी यायचं.

तोटा टर्फचा आहे. संध्याकाळी सातनंतरचे स्लॉट बॉक्स क्रिकेटवाले घेऊन टाकतात, कारण पैसे तिथे आहेत. मुलांच्या वाट्याला येते ती साडेचार-पाचची वेळ. बडोद्याच्या एप्रिल-मेमध्ये त्या वेळी मातीसुद्धा तापलेली असते आणि कृत्रिम गवत तर साध्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. उन्हाळ्यात सकाळची बॅच नसेल, तर ते दोन महिने फी भरू नका. आणि बूट घेताना दुकानदार लांब स्टडवाले गळ्यात मारेल. टर्फवर आखूड रबरी ठिपक्यांचे पुरतात, मातीवर साधे स्पोर्ट्स शूजसुद्धा चालतात. नडगी वाचवणारे शिनगार्ड मात्र घ्याच.

अकादमीत आणखी एक गोष्ट कान देऊन ऐका. कोच किती बोलतो? ‘पास दे, पास दे, अब शूट’ असं बाहेरून रिमोट चालवल्यासारखं ओरडणारा सर पालकांना फार मेहनती वाटतो. पण मुलाने बघायचं, ठरवायचं आणि चुकायचं, हे काम सरच करून टाकतो. शांतपणे उभा राहणारा, मधेच खेळ थांबवून ‘इथे दुसरं काय करता आलं असतं?’ विचारणारा सर मला शंभर पटीने बरा वाटतो, मग त्याची जर्सी कितीही विटलेली असो.

शाळेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पीटीचे सर एकटे, मुलं चाळीस, आणि खेल महाकुंभ (गुजरात सरकारची क्रीडास्पर्धा) किंवा आंतरशालेय स्पर्धा जवळ आली की लक्ष संघाकडे. त्यांचा दोष नाही. पण निवड होते ती अंगाने थोराड मुलांची, आणि एकाच वयोगटात जानेवारीत जन्मलेलं पोर डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठं असतं, हे कुणी मोजत नाही. तुमचं मूल बारीक असेल, तर पहिली दोन वर्षं शाळेत ते राखीवच बसेल. फुकट आहे म्हणून जाऊ द्या, भरवसा ठेवू नका.

राहिलं सोसायटीचं मैदान. इथे टर्फ नाही, सर नाहीत, गोल म्हणजे दोन-दोन चपला. आमच्याकडे एक मुलगी होती, सुरुवातीला कडेला उभी राहायची. तीन विरुद्ध तीन लावलं, तर लपायला जागाच उरली नाही. बॉल तिच्याकडे येणारच. दोन महिन्यांत ती उलट ‘ए, पास आप ने!’ (पास दे ना!) म्हणून समोरच्या गुजराती पोरावर ओरडायला लागली. हेच मोठ्या बॅचमध्ये झालं असतं का, मला शंका आहे.

पण सोसायटीचा रस्ता सोपा नाही. दर आठवड्याला येणारा एक तरी मोठा माणूस लागतो. वयं मिसळतात, बारा वर्षांचा दादा बॉल सोडत नाही. त्यावर आमचा नियम: मोठ्यांनी डाव्या पायानेच गोल मारायचा. हेडिंग अजिबात शिकवायचं नाही. अमेरिकेत 2015 मध्येच दहा वर्षं आणि त्याखालच्यांना ते बंद केलंय, आपण कशाला धाडस करायचं? पावसाळ्यात चिखल, नवरात्रात नऊ रात्री गरबा आणि सकाळी कुणीच उठत नाही, उत्तरायणाच्या आठवड्यात मैदानात मांजाचे तुकडे. वर्षातले बरेच रविवार असेच जातात. शिवाय तंत्रात चूक असेल, बॉल पायाच्या टोकानेच मारायची सवय लागली असेल, तर ती सुधारायला हौशी काका पुरत नाहीत.

काही घरांत चौथा विचार येतो: आधी आखाड्यात घालावं का? जुम्मादादा व्यायाम मंदिराचा वारसा असलेल्या गावात तो येणारच. मल्लखांबाने तोल आणि पकड सुधारते, दोन्ही एकत्र चालतात, फुटबॉल त्यासाठी लांबवायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर: सहा ते आठ वर्षं, आजूबाजूला सहा मुलं आणि एक तयार पालक असेल, तर सोसायटी. नसेल, तर अकादमी, पण छोट्या संघांत खेळवणारी. नऊ-दहानंतर अकादमी जवळजवळ हवीच, कारण तेव्हा चुका पकडणारा जाणता डोळा लागतो. टाच दुखते म्हणालं, तर तेव्हा दुर्लक्ष करू नका. वाढत्या वयात, साधारण आठ ते चौदाच्या दरम्यान, टाचेच्या हाडावर ताण येऊन दुखतं आणि विश्रांती द्यावी लागते. ‘दौडेगा तो ठीक हो जाएगा’ म्हणणाऱ्या सरांकडे परत पाठवू नका.

तिमाही फी भरण्याआधी एक ट्रायल मागा, आणि त्या दिवशी मुलाकडे न बघता रांगेतल्या शेवटच्या पोराकडे बघा.