जुन्या दूरदर्शन कार्यक्रमांच्या ‘डीव्हीडी संचा’साठी पैसे भरण्याआधी हे वाचा

नागपुरात सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात या गटातून त्या गटात फिरते आहे. मुंबई दूरदर्शनचे जुने दिवाळी विशेष, नाट्यविशेष आणि मुलाखती, 12 डीव्हीडींचा ‘अधिकृत’ संच, ‘मूळ मास्टरवरून’. बुकिंगला 499 रुपये, बाकीचे पार्सल निघताना. बुकिंग झालं की फोन सुरू होतात. आधी सेन्सॉरची फी, मग जीएसटीतला फरक, मग कुरियरचा विमा. प्रत्येक रक्कम इतकी लहान की आधीचे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो. धरमपेठ, महाल, त्रिमूर्तीनगर भागातल्या बऱ्याच ज्येष्ठ मंडळींचे पैसे असेच गेले. काहींना काहीच आलं नाही, काहींना निकामी डिस्क आल्या, आणि काहींच्या घरातल्या जुन्या व्हीएचएस कॅसेटच गेल्या. हा शेवटचा प्रकार सगळ्यांत वाईट. जुनी रेकॉर्डिंगं जपणाऱ्या आम्ही काही जणांनी त्या डिस्क आणि पावत्या तपासल्या. त्यात जे दिसलं ते इथे देतो आहोत.

या जाहिरातीला माणसं भुलतात, कारण आशा खोटी नाही. दूरदर्शनने आपल्या संग्रहातले संगीताचे कार्यक्रम पूर्वी सीडी-डीव्हीडीवर अधिकृतपणे काढलेले आहेत. मग ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’सारखा जुना मराठी कार्यक्रम का निघू नये, असं वाटणं साहजिक आहे. पण कोणताही कार्यक्रम विक्रीला यायचा तर दोन गोष्टी लागतात: हक्क आणि मास्टर टेप, म्हणजे केंद्रातली मूळ टेप. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. त्या काळात टेप महाग होत्या, त्यामुळे प्रक्षेपण झालं की पुसून त्यांच्यावर दुसरं रेकॉर्डिंग केलं जाई. म्हणजे काही कार्यक्रमांचा मास्टर आज अस्तित्वातच नाही. विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: टेप कोणत्या फॉरमॅटची, आणि ती तुम्हाला कुणी दिली? यू-मॅटिक, बीटाकॅम, एक इंची या स्टुडिओतल्या टेपच्या जाती, यांपैकी एकही नाव त्याच्या तोंडून आलं नाही तर त्याने मास्टर पाहिलेला नाही.

हक्कांबद्दल एकच थाप ठिकठिकाणी मारली जाते: ‘आता फार जुनं झालं, कुणीही काढू शकतं.’ साफ खोटं. आपल्या कायद्यात चित्रफितीचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. 1984 मध्ये दाखवलेला कार्यक्रम 2044 च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहे. नाट्यविशेष असेल तर नाटककाराचे हक्क वेगळे, गाणी असतील तर त्यांचे वेगळे. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम 52ए नुसार विक्रीच्या व्हिडिओवर आणि त्याच्या वेष्टनावर तो काढणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि हक्कधारकाची परवानगी घेतल्याचं निवेदन छापावं लागतं. पैसे भरण्याआधी वेष्टनाच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. नुसतं ‘सर्व हक्क राखीव’ आणि एक मोबाइल नंबर असेल तर तिथेच थांबा.

जाहिरातीतले दावेही तपासण्यासारखे आहेत. ‘1978 चा कार्यक्रम, मूळ रंगीत’ असं कुणी म्हणत असेल तर लक्षात ठेवा, आपल्याकडे नियमित रंगीत प्रक्षेपण 1982 मध्ये सुरू झालं. त्याआधीचा रंग संगणकाने भरलेला असणार. ‘4के ब्लू-रे’, म्हणजे अतिस्पष्ट चित्राची डिस्क, हा दुसरा दावा. त्या काळचं स्टुडिओतलं रेकॉर्डिंग पाल या आपल्याकडच्या टीव्ही-पद्धतीचं, 625 ओळींचं, त्यातल्या 576 ओळी चित्राच्या. टेपवर जे नाही ते 4के मध्ये येणार कुठून? 16 मिलीमीटर फिल्मवर चित्रित झालेला भाग असेल तर तो जास्त स्पष्ट स्कॅन होऊ शकतो. पण त्यासाठी मूळ फिल्म हातात हवी, आणि तिच्याबद्दल विकणारा काही बोलत नाही.

तिसरा दावा ‘एका डीव्हीडीत 20 तास’. इथे साधा हिशोब पुरतो. एका थराच्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. दोन तासांचा कार्यक्रम घातला तर सेकंदाला साधारण 5 मेगाबिट (चित्राच्या माहितीचं माप, जितके जास्त तितकं चित्र स्पष्ट) मिळतात, आणि टेपवरून आलेल्या चित्राला ते बरे आहेत. 20 तास कोंबले तर अर्धा मेगाबिट उरतो. आपल्या जुन्या व्हीसीडीत चित्राला सव्वाएक मेगाबिटच्या आसपास मिळायचे. म्हणजे हा ‘अधिकृत संच’ व्हीसीडीच्या निम्म्याहूनही खाली.

ज्यांना डिस्क आल्या त्यांच्याकडच्या संचातली एक डिस्क अशी होती. खालची बाजू जांभळट. कारखान्यात छापलेली डीव्हीडी खालून चांदीसारखी असते. जांभळट रंग म्हणजे घरच्या रायटरवर बर्न केलेली. उजेडात तिरपी धरली की मध्यापासून थोड्या अंतरावर एक वर्तुळ दिसत होतं. तिथे भरलेला भाग संपून कोरा भाग सुरू होतो. नुसत्या जांभळ्या रंगावरून फसवणूक ठरवू नका, लहान संख्येतल्या अधिकृत प्रतीही कधी कधी बर्न केलेल्या असतात. म्हणून डिस्क संगणकात उघडून पाहिली. खऱ्या डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ नावाचा फोल्डर असतो. इथे नुसत्या एमपी4 फाइली ओतलेल्या होत्या. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावलं तर सेकंदाला 30 चित्रं, प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक चित्र एकदम पूर्ण), आवाज एएसी या इंटरनेटवरच्या फाइलींत असतो तशा पद्धतीचा. पाल टेपवरून थेट उतरवलेलं असतं तर 25 चित्रं आणि इंटरलेस्ड (प्रत्येक चित्र एकआड एक ओळींच्या दोन भागांत) दिसलं असतं. चित्राच्या कोपऱ्यात एक धूसर चौकोन सतत दिसत होता, वाहिनीचं चिन्ह झाकण्यासाठी केलेला. मूळचं 4:3 चित्र ताणून रुंद केल्यामुळे सगळ्यांचे चेहरे आडवे पसरले होते. हे इंटरनेटवरून उतरवलेलं सामान आहे. दूरदर्शन सह्याद्री आणि प्रसार भारती अर्काइव्हज यांच्या यूट्यूब वाहिन्यांवर पुष्कळ जुने कार्यक्रम फुकट आहेत. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे अ‍ॅप नोव्हेंबर 2024 मध्ये आलं, तिथेही शोधा. त्यासाठी कुणाला एक रुपया देऊ नका.

पावतीवरही एक नजर टाका. एका पावतीवर पत्ता सीताबर्डीचा आणि जीएसटी क्रमांक 07 ने सुरू होणारा. महाराष्ट्रातल्या नोंदणीचा क्रमांक 27 ने सुरू होतो, 07 दिल्लीचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर 15 अक्षरी क्रमांक टाकला की धंद्याचं नोंदलेलं नाव समोर येतं. यूपीआयने पैसे पाठवतानाही बँकेतलं नाव दिसतं. तिथे भलत्याच माणसाचं नाव आलं तर पिन टाकू नका. आणि ‘रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पाठवायलाच लागतो.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावा. व्यवहाराचा 12 अंकी क्रमांक, समोरच्याचा यूपीआय आयडी, रक्कम आणि वेळ जवळ ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच काही हाती लागतं, म्हणून इथे तासाला किंमत आहे. मग cybercrime.gov.in या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा (गुगलवरून भलताच दुवा उघडू नये म्हणून पत्ता स्वतः टाइप करा), किंवा शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जा. चॅट पुसू नका, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेतलं 318 आहे. विकणारा सापडण्याजोगा असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि आपण नागपुरात राहतो म्हणून तक्रार नागपुरातच करता येते. ‘बुडालेले पैसे मिळवून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन पुढे येतोच. तीही त्याच टोळीची किंवा तिच्या भावंडांची चाल.

एखादा कार्यक्रम खरोखर निघणार आहे का हे कळायचा सरळ मार्ग माहिती अधिकाराचा. प्रसार भारतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याला अर्ज करा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मोघम विचारलंत तर उत्तरही मोघम येईल. अर्जात कार्यक्रमाचं नाव, प्रक्षेपणाचं शक्य तितकं नेमकं वर्ष आणि केंद्र लिहा, आणि तीनच प्रश्न घाला: टेप संग्रहात आहे का, कोणत्या फॉरमॅटवर, आणि व्हिडिओ विक्रीचा परवाना कुणाला दिला आहे का. सेमिनरी हिल्सच्या नागपूर केंद्रात तयार झालेला कार्यक्रम असेल तर तसं स्पष्ट लिहा.

आता कॅसेटींबद्दल. ‘तुमच्या घरच्या कॅसेटमधला दुर्मिळ भाग आम्ही संचात घेतो, तुम्हाला एक संच मोफत’ असं सांगून माणूस घरी येतो, पिशवी भरून नेतो आणि नंबर बंद होतो. मास्टर पुसला गेला असेल तर कुणी तेव्हा घरच्या व्हीसीआरवर धरून ठेवलेलं रेकॉर्डिंग हीच उरलेली एकमेव प्रत असू शकते. पैसे परत मिळतील, ती मिळणार नाही. म्हणून मूळ कॅसेट कुणालाही घरी येऊन नेऊ देऊ नका.

डिजिटल करून घ्यायची असेल तर आधी कॅसेटच्या कडेची छोटी प्लास्टिकची पट्टी मोडा, म्हणजे तिच्यावर चुकून रेकॉर्डिंग होणार नाही. खिडकीतून टेपच्या कडांवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका, टेप वाचणारं हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. कॅसेट माळ्यावर ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात तिथे टेप वाकडी होते. करून देणारा काय सांगतो ते वेळेत मोजा: ई-180 कॅसेट तीन तासांची, ती उतरायला तीन तासच लागतात. एका व्हीसीआरवर 40 कॅसेट दोन दिवसांत देतो म्हणणारा तुमच्या कॅसेट चालवणारच नाही. आधी एकच कॅसेट द्या, पावतीवर तिच्यावरची चिठ्ठी जशीच्या तशी लिहून घ्या, फाइल 720 बाय 576, 25 चित्रं, इंटरलेस्ड अशी मागा. डीव्ही या व्हिडिओ फाइलच्या फॉरमॅटमध्ये तासाला 13 जीबीच्या आसपास जागा लागते, तेवढा पेनड्राइव्ह स्वतःचा न्या. फाइल शेवटपर्यंत पळवून पाहा, आणि कॅसेट व फाइल दोन्ही हातात आल्यावरच उरलेले पैसे द्या.