बंद शटरमधून ११४ बॉक्स बाहेर: फिक्स्ड आरएफआयडी रीडर दहा महिने वापरल्यावर

आमचं गोदाम भिवंडीजवळ, मानकोलीच्या बाजूला. माल सगळा स्वयंपाकघरातला: प्रेशर कुकर, मिक्सर, नॉनस्टिक तवे आणि एका कोपऱ्यात भांडी घासायच्या लिक्विडचे बॉक्स. म्हणजे धातू आणि पाणी. आरएफआयडी म्हणजे बॉक्सवर चिकटवलेला चिपवाला टॅग रेडिओ लहरींनी दुरून वाचणं, आणि फिक्स्ड रीडर म्हणजे दारावर कायमचा बसवलेला वाचक. त्या लहरींना यापेक्षा वाईट शेजार शोधून सापडणार नाही, हे मला रीडर विकत घेतल्यावर कळलं.

आधी बारकोड होता आणि तो वाईट नव्हता. वाईट होती संध्याकाळी सहाची वेळ. बाहेर पाच टेम्पो उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतायत, आणि स्कॅनिंगवाला पोरगा एकच बॉक्स ४८ वेळा स्कॅन करून पॅलेट ‘पूर्ण’ दाखवतोय. त्याला तरी किती ओरडणार? महिनाअखेरीला दोन दिवस शटर पाडून मोजणी करायची आणि तरीही कुकर तीस कमी, तवे तीस जास्त. शेठ म्हणाले, टोलनाक्यावर गाडी न थांबता पैसे कापले जातात, मग आपल्या शटरवर माल का मोजला जात नाही? तुलना बरोबरच होती. फास्टॅगही याच जातीचा, यूएचएफ टॅग आहे. फरक एवढाच की टोलच्या लेनमध्ये एका वेळी एक गाडी असते आणि टॅग काचेवर असतो. आमच्या शटरमधून एका दमात ४८ बॉक्स जातात, एकमेकांच्या आड, आत स्टील.

मग कोटेशनं आली. झेब्राचे एफएक्स ७५०० आणि एफएक्स ९६००, इम्पिंजचा आर ७००, शिवाय दोन स्वस्तातले. मी एक्सेलमध्ये तक्ता केला आणि त्यात ‘रेंज’ नावाचा रकाना सगळ्यात मोठा ठेवला. महिनाभर त्या रकान्यावर वाद घातला. आज सांगतो, तो रकाना खोडून टाका. आमचं शटर तीन मीटर रुंद आहे, बारा मीटरवरचा टॅग वाचून मला करायचंय काय? आम्ही शेवटी कोणता घेतला ते मुद्दाम लिहीत नाही. पुढे जे रामायण झालं त्यात रीडरचा दोष जवळजवळ नव्हता, आणि नाव लिहिलं की लोक फक्त नाव वाचतात.

पोर्टचं, म्हणजे रीडरला किती अँटेना जोडता येतात त्याचं, मात्र जरूर बघा. मला आठ पोर्टचा एकच घ्यायचा होता, दोन्ही शटर एकात उरकतील म्हणून. बरं झालं घेतला नाही. एक तर सगळे अँटेना एकाच वेळी वाचत नाहीत, रीडर त्यांना आळीपाळीने चालू करतो. जितके अँटेना जास्त तितका प्रत्येकाच्या वाट्याला वेळ कमी. दुसरं म्हणजे केबल. आमची शटरं एकमेकांपासून वीस मीटरवर आहेत. त्यामुळे चार पोर्टचे दोन घेतले.

स्वस्तातल्या दोनांपैकी एक ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा निघाला. तो अमेरिकेचा पट्टा. आपल्याकडे तिथे मोबाइलचं राज्य आहे. भारतात आरएफआयडीला २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ विनापरवाना मिळाले आणि २०२१ मध्ये ते ८६८ पर्यंत वाढवले. विकणाऱ्याला सरळ विचारा, हा कुठल्या पट्ट्यावर चालतो आणि ईटीए, म्हणजे वायरलेस उपकरणाच्या सरकारी मान्यतेचं, सर्टिफिकेट कुठे आहे. आमच्या त्या विक्रेत्याने ‘सेटिंग बदलून देतो’ म्हटलं तिथेच मी फाइल बंद केली.

आता बसवण्याची गोष्ट. ज्या मंडळींनी बसवलं त्यांनी रीडर माझ्या केबिनमध्ये ठेवला, एसीत नीट राहील म्हणून. तिथून शटरपर्यंत बारा मीटर कोॲक्स केबल, करंगळीपेक्षाही बारीक. डेमोला सात-आठ मीटरवरून टॅग टिपणारा तोच रीडर आता दीड मीटरवर रडायला लागला. ते म्हणाले टॅग खराब, मी म्हटलं रीडर खराब. आठवडा गेल्यावर एका ओळखीच्या माणसाने, जो केबल टीव्हीच्या धंद्यात होता, केबल बोटांत धरून बघितली आणि हसला. अशी पातळ केबल या फ्रीक्वेन्सीला मीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खाते. बारा मीटरला सहा. दर तीन डेसिबलला ताकद निम्मी, म्हणजे अँटेनापर्यंत चार आण्यांतला एक आणा पोचत होता. रीडरवर पैसे ओतायचे आणि केबलमध्ये काटकसर करायची!

मग रीडर उचलून शटरजवळच्या खांबावर लोखंडी पेटीत नेला. केबिनपासून तिथपर्यंत साधी लॅन केबल, तिच्यातूनच वीज. इथेही एक खाच आहे: जुन्या पीओई (लॅन केबलमधून वीज देणाऱ्या) स्विचमधून १५ वॅटच्या आसपास मिळतात आणि तेवढ्यावर आमचा रीडर पूर्ण ताकद लावत नव्हता. जास्त वीज देणारा पीओई प्लसचा स्विच घ्यावा लागला. खांबापासून अँटेनापर्यंत चार मीटर जाड केबल. त्याच दिवशी फरक दिसला.

फरक जरा जास्तच दिसला. पुढच्या रविवारी गोदाम बंद, मी घरी मटण शिजायची वाट बघत बसलेला, आणि शेठचा फोन. सिस्टीममध्ये दोन नंबरच्या शटरवरून ११४ बॉक्स आउटवर्ड पडलेत, चलन नाही, ई-वे बिल नाही. चोरी झाली का? वॉचमनला फोन केला, तो म्हणाला कुलूप जसंच्या तसं आहे. तसाच गाडी काढून गेलो. शटर बंद, माल जागेवर, आणि स्क्रीनवर माल बाहेर जातोच आहे. ११४ चे ११७ झाले माझ्यासमोर. मुकादम शेजारीच राहतात, तेही आले होते. म्हणाले, “साहेब, ह्याला बंद शटरातून पण दिसतं का हो? भुताटकीच झाली ही.”

कारण लोखंडी शटर. ते उघडं असतं तेव्हा अँटेनाच्या लहरी बाहेर यार्डात निघून जातात. बंद असलं की त्याच्यावर आपटून आत परततात आणि सोमवारच्या डिस्पॅचसाठी पाच मीटरवर काढून ठेवलेल्या कुकरच्या थप्पीला जाऊन भिडतात. आठवडाभर दिवसा शटर उघडंच असायचं, म्हणून कुणाला पत्ता नाही.

तोपर्यंत मी ‘वाचत नाही’ या भीतीने झोपत नव्हतो. खरा त्रास ‘नको ते वाचतो’ हा होता. पुढचे दोन महिने आम्ही रीडरला फक्त गप्प बसायला शिकवलं. ताकद ३० डीबीएमवरून (हे लहरींच्या ताकदीचं माप) २५ वर आणली, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. अँटेना समोरासमोर होते ते खाली, दाराच्या उंबऱ्याकडे कलवले. शटरला चुंबकाचा स्विच लावला: शटर खाली, अँटेना बंद. आणि सगळ्यात उपयोगी पडले ते दोन फोटो सेन्सर, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. पॅलेट आडवी आली की रीडर जागा होतो, आणि कोणत्या सेन्सरचा किरण आधी अडला त्यावरून माल येतोय की जातोय हे ठरतं. हे सेन्सर रीडरच्या किमतीपुढे चिल्लर आहेत. पण रीडरला ते जोडायची सोय, म्हणजे जीपीआयओ, असायला हवी. माझ्या तक्त्यात हा रकानाच नव्हता.

मग पाहुणे टॅग. यार्डातून वळणाऱ्या टेम्पोंचे फास्टॅग अधूनमधून आमच्या यादीत यायचे. एकदा रोज सकाळी नऊला एकच अनोळखी टॅग आत येतो आणि सहाला बाहेर जातो असं दिसलं. तो पॅकिंगमधल्या एका पोराच्या नव्या बॅगेचा निघाला, किमतीचं लेबल काढलंच नव्हतं. पोरगं वेळेवर येतं एवढं मात्र सिद्ध झालं. आता आमच्या टॅगच्या नंबरची सुरुवात जुळली नाही तर सॉफ्टवेअर तो टाकून देतं. हे पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं.

टॅग कुठे चिकटवायचा यावर खरं डोकं आमच्या मुकादमांनी लावलं. कुकरच्या बॉक्सवर लेबल मधोमध लावलं की बरोबर मागे कुकरचं पोट टेकलेलं असतं, आणि टॅग मेला. त्यांनी रिकामा बॉक्स उघडला, कुकर आत ठेवला आणि बोट दाखवलं: कुकर गोल, बॉक्स चौकोनी, चारही कोपऱ्यांत हवा. लेबल उभ्या कडेजवळ सरकवलं आणि साधा कागदी टॅग वाचायला लागला. धातूवर चालणारे खास टॅग मिळतात, पण साधा काही रुपयांत येतो आणि तो खास कितीतरी पट महाग पडतो. बॉक्स गेला की टॅगही गेला, त्यामुळे आम्हाला परवडत नाही. लिक्विडच्या बॉक्सवर लेबल वरच्या कडेला, बाटल्यांच्या मानेच्या उंचीवर. तिथेही हवाच कामाला येते. तव्यांचं मात्र अजून जमलेलं नाही. एकात एक बसवलेले दहा तवे म्हणजे भिंतच, कुठेही लावा. त्यांचं आजही हातातल्या स्कॅनरने करतो.

अँटेना सर्क्युलर घ्या, म्हणजे टॅग उभा-आडवा कसाही असला तरी वाचणारा. लिनियर थोडा लांबचं वाचतो, पण टॅग त्याच्या दिशेला असेल तरच. माथाडी कामगार बॉक्स उभा ठेवतील की आडवा, हे त्यांनाही आधी ठाऊक नसतं.

खंडेनवमीला गोदामातल्या सगळ्या यंत्रांची पूजा झाली. फोर्कलिफ्ट, वजनकाटा, आणि अर्थात अँटेना. चौघांवर झेंडूचे पाणी मारलेले जाड हार, एकावर नारळाचं पानसुद्धा. दसऱ्याची सुट्टी संपवून आलो तर पॅलेटमागे दहा-बारा बॉक्स गायब. ताकद वाढवली, केबल हलवली, सॉफ्टवेअरवाल्याला शिव्या घातल्या. दुपारी हार उतरवले आणि ४८ चे ४८ आले. ओल्या फुलांनी लहरी प्यायल्या होत्या. आता हार पेटीला घालतात, अँटेनाला फक्त कुंकवाचं बोट.

मे महिन्यात पत्र्याखाली पेटी हात लावू देत नव्हती. वर झरोके पाडले, नंतर तक्रार नाही. वीज गेली की यूपीएसवर अर्धा तास निघतो. सॉफ्टवेअरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, डेटा जातो आणि टॅलीला जुळतो.

कुकर आणि मिक्सर यांची मोजणी आता दोन दिवसांऐवजी एका दुपारी होते, तीही शटर न पाडता. पूर्ण पॅलेट पहिल्याच फेरीत वाचली जाते असं रोज होत नाही. एखाद-दुसरा बॉक्स राहिला की लाल दिवा लागतो आणि फोर्कलिफ्टवाला दोन फूट मागे घेऊन पुन्हा पुढे येतो. सुरुवातीला वैतागायचा, आता दिवा लागायच्या आतच मागे घेतो.

तिसऱ्या शटरला रीडर लावायचाय. कोटेशन मागवलीत. दोघांनी डेमो द्यायची तयारी दाखवली, रिकामा बॉक्स आणि टॅग घेऊन येतो म्हणाले. मी म्हटलं हात हलवत या, बॉक्स आमचे. कुकर भरलेली पॅलेट तयार ठेवली आहे, शेजारी तव्यांची एक, आणि शटर खाली पाडून ठेवणार आहे.