रिको जीआर ३ : खिशात मावणारा कॅमेरा, बरेच महिने रोज वापरल्यानंतर

रोज जवळ बाळगायला कॅमेरा शोधताना बहुतेक जण आधी वजन बघतात. वजनापेक्षा जाडी बघा. पँटच्या पुढच्या खिशात जे जात नाही ते पिशवीत जातं, आणि पिशवीतला कॅमेरा महिनाभरात घरीच राहू लागतो. रिको जीआर ३ बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम भरतो आणि त्याची जाडी ३३ मिमीच्या आसपास आहे. फुजीचा एक्स१००-६ हा कितीही देखणा असला, त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आणि भरपूर उजेड घेणारी एफ/२ लेन्स असली, तरी तो ५२१ ग्रॅमचा आणि ५५ मिमी जाड आहे. तो गळ्यात घालूनच फिरावं लागतं. सोनीचा आरएक्स१००-७ खिशात बसतो, ३०२ ग्रॅमचा आहे आणि २४ ते २०० मिमीचा झूम देतो, पण त्याचा एक इंची सेन्सर क्षेत्रफळाने एपीएस-सीच्या एक तृतीयांशाहून थोडा लहान आहे. अंधार पडला की हा फरक फोटोत दिसतो. जीआर ३ मध्ये २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांत असतो त्या आकाराचा सेन्सर आहे. त्याबदल्यात झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, स्क्रीन वळत नाही आणि आधीच्या जीआर २ मध्ये असलेला फ्लॅशही काढून टाकलेला आहे. हा सौदा पटत असेल तरच पुढे वाचण्यात अर्थ आहे.

मला तो पटतो, आणि त्याचं मुख्य कारण स्नॅप फोकस. फोकस आधीच ठरावीक अंतरावर लावून ठेवायचा, म्हणजे बटण दाबल्यावर कॅमेरा शोधाशोध न करता थेट फोटो घेतो. लेन्स १८.३ मिमीची (फुल-फ्रेमच्या हिशेबात २८ मिमीची चौकट) असल्यामुळे खोली, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत स्पष्ट येणारा पट्टा, भरपूर मिळते. एफचा आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, लहान आणि खोली जास्त. एफ/८ आणि २.५ मीटर ठेवलं तर साधारण १.१५ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. एफ/५.६ आणि २ मीटर ठेवलं तर १.२ ते ६ मीटर. एफ/४ वर त्याच २ मीटरला १.३५ ते ३.८ मीटर उरतात. एफ/२.८ वर फक्त दीड ते तीन मीटर, म्हणजे तिथे अंदाज चुकला तर फोटो गेला. त्यामुळे एफ/२.८ ला स्नॅप वापरू नये, ऑटोफोकस वापरावा. मेनूत ‘फुल प्रेस स्नॅप’ चालू ठेवा. बटण अर्धं दाबलं तर ऑटोफोकस होतो, एका दमात पूर्ण दाबलं तर स्नॅपच्या अंतरावर फोटो निघतो. दोन्ही सवयी एकाच बोटात राहतात.

आता यूवन, यूटू, यूथ्री या आपली सेटिंगं साठवायच्या तीन जागांत काय ठेवायचं ते. दिवसासाठी यूवन: अ‍ॅपर्चर प्राधान्य, एफ/८, स्नॅप २.५ मीटर, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ते ६४००, किमान शटर १/२५० सेकंद. भर उन्हात आयएसओ १०० वर शटर १/४०० च्या आसपास येतं. इमारतीच्या सावलीत उजेड तीन स्टॉपनी (दर स्टॉपला निम्मा) उतरला की आयएसओ पाचशेच्या घरात जातो, त्याने काही बिघडत नाही. १/२५० च्या खाली मात्र जाऊ नका. चालणाऱ्या माणसांचे पाय आणि हात तिथे ओघळायला लागतात, आणि ते स्टॅबिलायझेशनने थांबत नाहीत. तीन अक्षांचं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर धरतं, समोरच्याची हालचाल नाही. इथे पुष्कळांची गफलत होते. संध्याकाळनंतर यूटू: एफ/२.८, स्पॉट ऑटोफोकस, किमान शटर १/६०. माणसं हलत असतील तर तेच १/१२५ करा आणि आयएसओ वाढू द्या. ३२०० पर्यंत काळजी नको, ६४०० ला कण दिसतात पण कृष्णधवल फोटोत ते खुपत नाहीत. तिसरी जागा आपापल्या आवडीची. मी तिथे ३५ मिमीचा क्रॉप (कडा कापून चौकट अरुंद करणं) आणि ‘पॉझिटिव्ह फिल्म’ ही रंगांची शैली ठेवतो.

क्रॉपबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं. ३५ मिमीला सुमारे १५ मेगापिक्सेल उरतात, ५० मिमीला सुमारे ७. पहिला बिनधास्त वापरा, दुसरा फोनवर बघण्यापुरता. २८ मिमी ही चौकट ज्यांना रुंद वाटते त्यांनी क्रॉपवर भागवू नये, २०२१ मध्ये आलेला जीआर ३ एक्स घ्यावा. त्यात २६.१ मिमी लेन्स आहे, म्हणजे ४० मिमीची चौकट. वजन पाचच ग्रॅम जास्त. तुळशीबागेतल्या बोळात किंवा लोकलच्या डब्यात, जिथे मागे सरकायला जागा नसते, तिथे २८ मिमीला पर्याय नाही. जेवणाचं ताट, घरातली माणसं, एकट्याचं पोर्ट्रेट हे जास्त काढणार असाल तर ४० मिमी. एक्सची खोली मात्र कमी आहे. एफ/८ ला २.५ मीटर लावलं तर मागचं क्षितिज मिळत नाही, त्यामुळे स्नॅपचं गणित तितकं सैल राहत नाही.

भर दुपारी एफ/२.८ वर फोटो काढायचा असेल तर शटरची मर्यादा आड येते. हे लेन्समधलं पातळ पात्यांचं (लीफ) शटर आहे. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं असताना त्याला १/४००० चा वेग गाठता येत नाही, आणि उन्हात फोटो पांढरा पडतो. कॅमेऱ्यात दोन स्टॉपनी उजेड कमी करणारा एनडी फिल्टर आहे, तो ऑटोवर ठेवून द्या. या शटरचा फायदा असा की आवाज जवळजवळ नाही. कीर्तनात किंवा मैफलीत शेजारच्यालाही कळत नाही.

उन्हात स्क्रीन दिसत नाही ही तक्रार खरी आहे. ‘आउटडोअर व्ह्यू’ हे सेटिंग एफएन बटणावर टाकलं की एका दाबात उजळपणा वाढतो. तरीही मे महिन्यातल्या दुपारी चौकट अंदाजानेच धरावी लागते. उन्हात आणि सलग वापरात बॉडी चांगलीच गरम होते. धातूचं लहान अंग आहे, उष्णतेला दुसरी वाट नाही. फोटो काढून झाला की बंद करायची सवय लावा, चालू व्हायला सेकंदभरही लागत नाही. त्याने बॅटरीही वाचते.

बॅटरी हा या कॅमेऱ्याचा सर्वांत कमकुवत भाग. डीबी-११० एका चार्जवर अधिकृत मोजणीने सुमारे २०० फोटो देते. दिवसभर भटकायचं असेल तर दोन जादा बॅटऱ्या हव्यात, आणि ऑलिंपसच्या एलआय-९०बी याच आकाराच्या असल्याने त्याही चालतात. चार्जिंग यूएसबी-सीने कॅमेऱ्यातच होतं. वेगळा चार्जर खोक्यात नसतो, पण घ्याच. नाहीतर एक बॅटरी भरत असताना कॅमेरा अडकून पडतो. कार्ड विसरलं तर आत २ जीबी जागा आहे, जेपेगसाठी वेळ निभावते, रॉ (प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) काढलं तर लगेच भरते. बॅटरी आणि कार्ड दोन्ही तळाच्या एकाच झाकणाखाली आहेत, त्यामुळे ट्रायपॉडची प्लेट लावलेली असेल तर दर वेळी काढावी लागते.

आता धूळ. जीआरबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट समजून घ्यावा, कारण बाकी सगळ्या उणिवा सवयीने सुटतात, ही सुटत नाही. लेन्स बाहेर येते आणि आत जाते तेव्हा ती भात्यासारखी हवा ओढते. खिशातली सुताची लव, वारीच्या वाटेवरची बारीक माती, सगळं तिच्याबरोबर आत जातं आणि काही कण सेन्सरवर बसतात. बॉडीला सीलिंग नाही. लेन्स निघत नाही, त्यामुळे सेन्सर पुसायचा तर कॅमेरा उघडावा लागतो, आणि ते काम घरी करायचं नाही. सेन्सर थरथरवून धूळ झटकणारी सोय आत आहे, ती कॅमेरा सुरू होताना आपोआप चालेल असं ठेवा. चिकट कणांवर तिचा उपयोग होत नाही. व्हॅक्यूम क्लीनर लावून धूळ ओढण्याचे व्हिडिओ दिसतात. ते करू नका, लेन्सच्या नळ्यांना आणि तोंडावरच्या पातळ पडद्यांना ते सोसत नाही.

जे करता येतं ते आधीच करायचं. कॅमेरा उघडा खिशात न टाकता लव न सुटणाऱ्या मायक्रोफायबरच्या पिशवीत ठेवा. ती पिशवी आठवड्याला उलटी करून झटका आणि धुवा. नाणी, रुमाल त्या खिशात नकोत. लेन्स बाहेर असताना ब्लोअर मारू नका, कण आत ढकलले जातात. बंद करून, तोंड खाली धरून बाहेरूनच साफ करा. धुळीच्या ठिकाणी जीए-१ अ‍ॅडॅप्टरवर ४९ मिमीचा साधा फिल्टर लावता येतो. लेन्स मग नळीच्या आतल्या आत हलते आणि धूळ पुष्कळ अडते. पण मग कॅमेरा खिशात मावत नाही, म्हणून हे जत्रा, वारी, समुद्रकिनारा एवढ्यापुरतंच. डाग बसलेत का ते महिन्यातून एकदा तपासा: एफ/१६, फोकस अनंतावर, समोर पांढरी भिंत जवळून. एफ/५.६ पर्यंत डाग सहसा दिसत नाहीत, एफ/११ नंतर आकाशात ठिपके उमटतात. एक-दोन ठिपके एडिटिंगमध्ये पुसता येतात.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत दमट हवेने लेन्सला बुरशी धरते. कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरता येतं. एसीच्या खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा झिप पिशवीत बंद करून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी काढा, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं.

२०२५ मध्ये जीआर ४ आला: नवी लेन्स, पाच अक्षांचं स्टॅबिलायझेशन, आत ५३ जीबी जागा, पण मायक्रोएसडी कार्ड आणि वेगळी बॅटरी. नवा घ्यायचा तर तोच बघा. जीआर ३ वापरलेला घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच चार गोष्टी करा. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पूर्ण मोठा करून बघा. कॅमेरा दहा वेळा चालू-बंद करा. लेन्स अडखळली, करकरली किंवा तोंडाचे पडदे अर्धवट उघडले तर परत द्या. लेन्सभोवतीची कडी जागेवर आहे का बघा, ती निसटून हरवलेली असते. शेवटी बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा. ती डोलत असेल तर फुगलेली आहे, आणि तसा कॅमेरा चार्जिंगला लावून बघू नका.