अहवाल वाचला: पाण्याला शाबासकी, शेजाऱ्यांना फोटो

सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीला पुरवठादारांच्या यादीत घ्यायचं की नाही, हे ठरत होतं. खरेदी विभागाने तिचा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल माझ्याकडे सरकवला, कारण माझी नोकरी बॉयलर आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, यांच्या आसपास गेली आहे. कव्हरवर ओंजळीत रोपटं. मी कव्हर उलटून थेट तक्त्यांवर गेलो.

पाण्याचा भाग वाचून मात्र खरंच बरं वाटलं. ‘शून्य द्रव विसर्ग’, म्हणजे सांडपाणी बाहेर सोडतच नाही, असं ठळक अक्षरात छापून बहुतेक जण थांबतात. इथे पुढची गोष्टही सांगितली आहे: आरओचं रिजेक्ट, म्हणजे गाळून मागे उरलेलं खारट पाणी, बाष्पीभवन यंत्रात जातं, त्याला वाफ किती लागते, शेवटी मीठ किती निघतं आणि ते कुठे पाठवलं जातं. विसर्ग शून्य केला म्हणून घाण नाहीशी होत नाही. पाणी परत वापरात येतं, क्षार मागे उरतात आणि ते वेगळे काढायला इंधन जळतं. म्हणजे पाण्याचं उद्दिष्ट गाठताना कार्बनचं उद्दिष्ट मार खातं. हे त्यांनी स्वतःहून लिहिलंय, आणि वाफ वाचवायला कंडेन्सेट (वाफ निवून झालेलं गरम पाणी) परत बॉयलरला नेण्याचं आणि गळके स्टीम ट्रॅप (ते पाणी सोडून वाफ अडवणाऱ्या झडपा) बदलण्याचं वेळापत्रकही दिलंय. हे पान ज्याने लिहिलं, तो प्लांटमध्ये फिरणारा माणूस आहे.

कार्बनचं पान बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हातचं. उद्दिष्ट आहे ‘प्रति टन उत्पादन उत्सर्जनात ३० टक्के घट’. ऐकायला छान. पण उत्पादन दीडपट झालं, तर एवढी घट साधूनही एकूण उत्सर्जन ५ टक्क्यांनी वाढतं. विस्ताराच्या योजना त्याच अहवालात, थोड्या पुढच्या पानांवर आहेत. एकूण टनांचं उद्दिष्ट कुठेच नाही. विजेचंही तसंच. हरित विजेची प्रमाणपत्रं विकत घेऊन वापर ‘हरित’ दाखवलाय. ते नियमात बसतं, पण जीएचजी प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक मानकाचं २०१५ चं मार्गदर्शन दोन आकडे मागतं: एक खरेदी-करारांवर आधारलेला, दुसरा स्थानिक ग्रिडच्या सरासरीवर. इथे पहिलाच दिलाय. स्कोप ३, म्हणजे विकत घेतलेल्या मालापासून विकलेल्या मालापर्यंतचं कंपनीबाहेरचं उत्सर्जन, त्यासमोर ‘अभ्यास सुरू आहे’ एवढंच. सुटे भाग बनवणाऱ्याच्या बाबतीत विकत घेतलेलं पोलाद आणि ॲल्युमिनियम हाच मोठा वाटा असतो, म्हणजे मुख्य प्रश्नच ऑप्शनला टाकलाय.

आयएसओ १४००१ चं प्रमाणपत्र पानभर छापलंय. ते व्यवस्थापनाची पद्धत बसवली आहे एवढंच सांगतं, धुराड्यातून काय निघतं ते नाही. पुढे जाऊ.

समाजाची पानं सर्वांत गुळगुळीत. शाळेला संगणक, आरोग्य शिबिर, वृक्षारोपण, आणि प्रत्येक फोटोत बॅनर माणसांपेक्षा मोठा. झाडं किती लावली ते आहे, जगली किती ते नाही. शेजारच्या वस्तीकडून वासाच्या, रात्रीच्या आवाजाच्या, धुळीच्या तक्रारी किती आल्या आणि किती मिटल्या, याची ओळसुद्धा नाही. कारखान्याच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्याला संगणकाआधी हे हवं असतं.

आणि एक तळटीप, भिंगाने वाचावी अशी. अपघातांचा दर, म्हणजे कामाचे दहा लाख तास झाले की किती अपघातांत माणूस कामावर येऊ शकला नाही, तो फारच सुंदर आहे. खाली बारीक अक्षरात: ‘फक्त कायम कर्मचारी’. टाकी साफ करायला उतरणारा, माल चढवणारा, छतावर पत्रे बदलणारा माणूस बहुतेक ठिकाणी कंत्राटीच असतो. धोका त्याचा, आणि हिशेबात तोच नाही!

त्रयस्थ पडताळणी आहे, पण ‘मर्यादित’ स्वरूपाची, म्हणजे सखोल नसलेली, आणि तीही फक्त उत्सर्जनाच्या आकड्यांची. अपघातांचे आकडे कुणी तपासलेलेच नाहीत.

माझे गुण, पाचपैकी: पाण्याला साडेचार, कार्बनला दोन, समाजाला एक. तो एक संगणकांसाठी, ते मुलांच्या कामी येतील.

खरेदीला लिहून दिलंय: चाचणीची ऑर्डर द्या, वार्षिक करार आत्ता नको. त्याआधी तीन गोष्टी मागवा: कंत्राटी कामगारांसह अपघातांचा दर, एकूण टनांतलं उत्सर्जन आणि तक्रार नोंदवहीची प्रत. आणि पाण्याचं पान लिहिणाऱ्या माणसाचा नंबर मिळाला तर मला द्या, आमच्याकडचे स्टीम ट्रॅपही गळतात.