लाल दिव्याच्या आधीचा आकडा: जुन्या डिझेल गाडीत ओबीडी स्कॅनर वापरल्याचे अकरा महिने

माझी गाडी २०१४ ची आहे. १.३ लिटर डिझेल, एक लाख बेचाळीस हजार किलोमीटर झालेली. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त दोन दिवे. सकाळी इंजिन गार असताना निळा लागतो आणि जास्त तापलं की लाल. मधलं काहीच दिसत नाही. गेल्या एप्रिलमध्ये चिपळूणहून कराडला परत येताना कुंभार्ली घाटात तो लाल दिवा लागला. गाडीत सासूबाई, बायको, दोन मुलं. भर दुपारी तासभर कडेला थांबलो, गाडी निवल्यावर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत पाणी घातलं आणि एसी बंद ठेवून कसेबसे कोयनानगरला पोचलो.

पहिल्या गॅरेजमध्ये रेडिएटर फ्लश झाला आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला. 'आपल्याकडच्या हवेत त्याची गरज नाही,' असं सांगितलं. आठवड्याभरात कोल्हापूर नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये पुन्हा लाल दिवा. दुसरीकडे दाखवली तर थेट निदान आलं, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधलं सील) गेलंय, हेड उतरवावं लागेल, पंचवीस-तीस हजार धरून चला. त्या रात्री मी साडेसातशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र. ईएलएम ३२७ प्रकारचा, काडेपेटीपेक्षा जरा मोठा. स्टिअरिंगच्या खाली पेडलांच्या वर सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो. फोनवर टॉर्क नावाचं ॲप टाकलं. जोडणीला पाच मिनिटं लागली. आयफोनवाल्यांनी मात्र घेण्याआधी आपल्या फोनला चालतो का हे बघून घ्यावं, साधे ब्लूटूथवाले त्याला जोडले जात नाहीत.

पहिल्याच सकाळी एक गोष्ट कळली, ती मी प्रत्येकाला सांगतो. रात्रभर उभी असलेली गाडी, इंजिन चालू न करता फक्त चावी फिरवायची आणि कूलंटचं तापमान व आत येणाऱ्या हवेचं तापमान शेजारी शेजारी बघायचं. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. माझे २६ आणि २७ आले, म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. कूलंटचा आकडा उणे ४० दिसला तर गाडी गोठलेली नसते, सेन्सरची वायर तुटलेली किंवा पिन निसटलेली असते. हे न बघता सेन्सर बदलणारे आणि सेन्सर खराब असताना रेडिएटर बदलणारे, दोन्ही मी पाहिलेत.

मग चार दिवस नुसतं निरीक्षण केलं. थर्मोस्टॅट नसलेली गाडी हायवेला ८० च्या वेगात ६८ अंशांच्या वर जातच नव्हती. इंजिन सतत अर्धं गार, मायलेज लिटरमागे दोनेक किलोमीटरने उतरलेलं. आणि तीच गाडी नाक्यावर दहा मिनिटं उभी राहिली की १०४. मला इथेच उत्तराचं टोक सापडलं. वेगात गार आणि उभ्यावर गरम, म्हणजे पाणी फिरतंय पण वारा मिळत नाही. याच्या उलट असतं, उभ्यावर ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर आधी रेडिएटर चोंदलाय का, पंप पाणी ढकलतोय का, हे बघायला हवं. आकडा दोन-तीन सेकंदांत १५ अंश उडी मारत असेल तर लाईनमध्ये हवा किंवा ढिली पिन. नुसता दिवा बघून यातलं एकही कळत नाही.

थर्मोस्टॅट नवा बसवून घेतला. मग बॉनेट उघडून, फोन बॅटरीवर ठेवून, गाडी जागेवर चालू ठेवली. ८८, ९२, ९६, ९९. पंखा हलेना. १०३ ला एकदम घोंघावत सुरू झाला, ९५ ला बंद. मग एसी लावला. एसी लावल्यावर पंखा सावकाश तरी फिरायला हवा, तो फिरलाच नाही. या गाडीच्या पंख्याला दोन वेग आहेत आणि कमी वेग एका रेझिस्टरमधून (विजेचा प्रवाह कमी करणाऱ्या भागातून) येतो. तो जळला की पंखा थेट शेवटच्या क्षणी पूर्ण वेगात येतो, तोवर फार उशीर झालेला असतो. दोन उन्हाळे सिग्नलला एसी गार होत नव्हता, त्याचंही कारण हेच निघालं. गॅस भरून घेण्यात पैसे गेले होते ते वेगळेच. रेझिस्टर सहाशे रुपयांत बदलून झाला.

तरी घाट बाकी होता. पाच माणसं, तिसरा गिअर, घाटाच्या पायथ्याचं पोफळी गाव सोडल्यावर आकडा चढत चढत १०६. मी घाबरलो नाही, कारण आता हिशेब माहीत होता. निम्मं कूलंट निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर १०७ च्या आसपास उकळतं आणि टाकीचं झाकण दाब धरत असेल तर १२५ च्याही पुढे. साधं पाणी आणि सैल झाकण असेल तर मात्र घाटमाथ्यावर ते १०० च्या आतच उकळेल. एसी बंद केला, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर चारवर, दुसरा गिअर. उन्हात गाडीत बसणं असह्य होतं, पण इंजिनची उष्णता त्या हीटरमधून बाहेर पडते. पाच मिनिटांत ९९. वाफ दिसली किंवा लाल दिवा लागलाच तर हे प्रयोग करायचे नाहीत, बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं आणि झाकणाला हात लावायचा नाही. गरम टाकीचं झाकण उघडून भाजलेला माणूस मी जवळून पाहिलाय.

पुढचा शोध कराडच्या रेडिएटरवाल्या चाचांचा. त्यांनी पुढचा बंपर काढला आणि एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) रेडिएटरपासून दोन बोटं पुढे ओढला. मधल्या फटीत नमद्यासारखा थर होता. बोटांनी सोलला तर तळहाताएवढा तुकडा अखंड निघाला. धूळ, मेलेले किडे, जळक्या पाचटाची काळी राख आणि सगळ्यावर उसाच्या तुऱ्यांचा कापूस. आमच्या भागात थंडीभर रस्त्यावर हेच उडत असतं. 'म्होरनं बघितलं तर जाळी स्वच्छ दिसतीया, सायेब. घाण हितं बसती,' चाचा म्हणाले. समोरून कितीही पाणी मारलं तरी तिथे पोचत नाही, उलट घाण आत बसते. त्यांनी मागून पुढे, हलक्या दाबाने धुतलं. दाब जास्त झाला तर पाती आडवी पडतात आणि मग वारा कायमचा अडतो. त्यानंतर या मार्चमध्ये तोच घाट, तीच माणसं, एसी चालू. सर्वांत वरचा आकडा ९८.

हेड उतरवलं नाही. गॅस्केटची खात्रीही चाचांनीच करून दिली. टाकीच्या तोंडावर नळी लावून त्यात निळं द्रव घालतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर त्याचा रंग बदलतो. आमचं निळंच राहिलं. ही चाचणी न करता कुणी हेड उतरवायला सांगत असेल तर गाडी तिथे सोडू नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. गॅस्केट खरंच गेलं असेल तर टाकीत बुडबुडे, सकाळी चालू केल्या केल्या कडक होणारा कूलंटचा रबरी होज, दुधाळ ऑइल यांतलं काहीतरी सहसा दिसतं.

आता स्कॅनरच्या उणिवा. सॉकेटमध्ये कायम लावून ठेवला तर थोडा करंट घेत राहतो. दहा दिवस गाडी उभी होती तेव्हा बॅटरी उतरली, म्हणून आता काढून कप्प्यात ठेवतो. गाडी सुरू करायची, स्कॅनर लावायचा, ॲप उघडायचं, हे रोज नको वाटतं. मी फक्त घाटाला आणि उन्हाळ्यात लावतो, १०२ ला ॲपचा अलार्म ठेवलाय. फोन उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका, आधी तोच तापून बंद पडतो.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे त्याला कूलंटची पातळी दिसत नाही. कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला तर आकडा उलट कमी दिसू शकतो आणि इंजिन आत भाजत असतं. म्हणून टाकीवर मार्करने रेघ मारली आहे आणि दर रविवारी सकाळी, गाडी गार असताना बघतो. गेल्या तीन आठवड्यांत पातळी रेघेखाली बोटभर गेली. आकडे सगळे व्यवस्थित, ८८ ते ९७. काल टॉर्च घेऊन खाली वाकलो तर पाण्याच्या पंपाखाली वाळलेला गुलाबी ओघळ दिसला. पंपाचं सील झिरपतंय. चाचांना फोटो पाठवलाय, गुरुवारी गाडी त्यांच्याकडे लावणार आहे.