केंटमध्ये एकच दिवस: डोव्हरचा किल्ला की चॅटमची गोदी?

लंडनमध्ये राहणाऱ्या मुलांकडे आईवडील आले आणि एक दिवस समुद्राच्या बाजूला जायचं ठरलं, की इंग्लंडच्या आग्नेय टोकाच्या केंट परगण्याचं नाव हमखास निघतं. मग प्रश्न पडतो, डोव्हर की चॅटम? लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून जलद गाडीने चॅटमला पाऊण तासात पोचता येतं, डोव्हरला तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. नकाशा पाहून दोन्ही एका दिवसात उरकण्याचा मोह होतो. तसं करू नका, एकही धड पाहून होणार नाही.

माझं मत आधीच सांगते. गडकिल्ल्यांची मनापासून ओढ असेल, गुडघे साथ देत असतील आणि आकाश मोकळं असेल तर डोव्हर. नाहीतर चॅटम.

डोव्हरचा बालेकिल्ला इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने 1180 च्या दशकात बांधून घेतला. भिंती काही ठिकाणी साडेसहा मीटर जाड आहेत. आतली दालनं हेन्रीच्या काळासारखी भडक रंगांत सजवली आहेत. काहींना ती नाटकाच्या नेपथ्यासारखी वाटतात, मला मात्र आवडली. मध्ययुगीन किल्ला म्हणजे नुसता करडा दगड, ही समजूत तिथे पुसली जाते. पण किल्ल्याची खरी गोष्ट उत्तरेकडच्या टोकाला आहे. 1216 मध्ये फ्रान्सचा राजपुत्र लुई याने वेढा घातला, दरवाजाखाली भुयार खणून त्याचा एक बुरूज पाडला. किल्लेदार ह्यूबर्ट द बर्गच्या शिबंदीने खिंडारात लाकडं रचून ते लढवलं आणि किल्ला पडू दिला नाही. नंतर तो दरवाजाच बुजवून टाकला, दुसरीकडे नवा बांधला आणि जमिनीखालून संरक्षणाच्या वाटा काढल्या. आपल्याकडे गडाचा दरवाजा कुठे आणि का ठेवला यावर तासन्‌तास बोलणाऱ्यांनी हा कोपरा चुकवू नये.

कड्याच्या पोटातली भुयारं वेगळी. ती नेपोलियनच्या काळात सैनिकांच्या राहण्यासाठी खोदली होती. 1940 मध्ये अॅडमिरल रॅमसेने इथूनच फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेल्या फौजेची सुटका चालवली आणि 3,38,000 हून अधिक सैनिक समुद्रापार आणले. भुयारांसाठी रांग लागते, म्हणून आत शिरल्यावर आधी तिकडेच जा. रोमन दीपगृह आणि त्याला खेटून उभं असलेलं चर्च सावकाश पाहता येतं.

अडचण चढाची आहे. स्टेशनपासून किल्ला उंचावर, आणि आतही चढउतार संपत नाहीत. वारा तर बोचराच. ज्येष्ठांना घेऊन जाणार असाल तर टॅक्सीने वर जा.

चॅटम सपाट आहे आणि पाऊस आला तरी दिवस वाया जात नाही, कारण बरंचसं छपराखाली आहे. चार शतकांहून जास्त काळ इथे आरमाराचं काम चाललं, 1984 मध्ये गोदी बंद झाली. ब्रिटिश अॅडमिरल नेल्सनचं ‘व्हिक्टरी’ जहाज इथेच बांधलं गेलं, 1765 मध्ये पाण्यात उतरलं. ते आता पोर्ट्समथला असतं, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. इथे पाहायचा तो दोरखंड वळण्याचा कारखाना: 346 मीटर लांब, अखंड इमारत. जहाजाचा दोर एका लांबीत वळायचा तर जागाही तेवढीच लांब हवी. तिथे आजही दोर वळले जातात. शिवाय 1878 ची युद्धनौका ‘गॅनेट’, दुसऱ्या महायुद्धातली विनाशिका ‘कॅव्हेलियर’ आणि ‘ऑसेलॉट’ ही पाणबुडी. पाणबुडीत गोल, अरुंद झडपांतून वाकून जावं लागतं. दहा वर्षांची मुलं खूश होतात, आजीआजोबांनी बाहेरच थांबावं.

किल्ल्याची हौस चॅटमलाही थोडी भागते. शेजारच्या रॉचेस्टरच्या किल्ल्याचा एक बुरूज गोल आहे, बाकीचे चौकोनी. 1215 मध्ये जॉन राजाने 40 डुकरांची चरबी वापरून बुरुजाखाली खणलेल्या भुयाराचे लाकडी टेकू जाळले आणि कोपरा पाडला, नंतर तिथे गोल बुरूज उभा राहिला.

मराठ्यांच्या इतिहासाची आवड असलेल्यांसाठी मात्र या दोन्हींपेक्षा वेगळं ठिकाण आहे: डोव्हरच्या पुढे, त्याच किनाऱ्यावरचा वॉल्मरचा छोटा किल्ला. ज्या आर्थर वेलस्लीने 1803 मध्ये अहमदनगरचा किल्ला घेतला, असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि डिसेंबरात गाविलगड जिंकला, तो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 14 सप्टेंबर 1852 रोजी याच किल्ल्यात वारला. त्याची खुर्ची आणि साधी लष्करी खाट तिथे त्याच्या खोलीत जपून ठेवली आहे. असई आज जालना जिल्ह्यात आहे. ते रणांगण पाहिलेल्या माणसाने ही खोलीही पाहायला हवी असं मला फार वाटतं.

डोव्हर आणि वॉल्मर दोन्ही किल्ले ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहेत, त्यामुळे परदेशी पाहुण्यांचा त्यांचा पास काढला तर दोन्हीकडे चालतो. चॅटमचं तिकीट वेगळं. हिवाळ्यात जाणार असाल तर कुठलंही तिकीट काढण्याआधी उघडण्याचे दिवस तपासा.